गल्ला, वही आणि तब्येत: तिन्ही एकाच वेळी कसं सांभाळायचं? कोयनेच्या पाण्याकडून शिकलेला हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की "मला वेळच मिळत नाही" हे वाक्य धंद्यात सगळ्यात महाग पडतं. व्हिडिओत सगळे आकडे दाखवता आले नाहीत, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे आणि तो केल्याशिवाय नुसतं वाचून काही उपयोग नाही, हे आधीच सांगते.

आजचा विषय तीन गोष्टींचा आहे. रोजचं काम, पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग आणि आपली स्वतःची तब्येत. ज्यांना फक्त पैसा मिळवायचा आहे त्यांना हे अवघड जातंच. पण ज्यांनी काहीतरी चांगल्या हेतूने धंदा सुरू केलाय, त्यांना जास्त अवघड जातं. कारण "लोकांसाठी करतोय" म्हटलं की स्वतःला राबवायला एक चांगलं कारण मिळतं. माझं तेच झालं होतं.

आधी माझी चूक ऐका

माझं कोयनानगरला किराणा आणि जनरल स्टोअर आहे. बीबीए झाल्यावर दोन वर्षं नोकरी केली, मग हे दुकान घेतलं. सुरुवातीपासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. आसपासच्या वाड्यांमधल्या बायका नाचणीचे पापड, करवंदाचं लोणचं, कोकम, मध असं बरंच काही करतात, पण विकायला जागा नसते. पावसाळ्यात धबधबे बघायला इतके पर्यटक येतात, त्यांना हा माल आपल्या दुकानातून मिळाला पाहिजे. दुकानात डाव्या हाताला एक मांडणी मी बचत गटांच्या मालासाठीच ठेवली.

पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी पावसाळ्याचा सीझन जोरात झाला. सप्टेंबरअखेर हातात ९० हजार रुपये उरलेले दिसले. मी लगेच ६५ हजारांचा डीप फ्रीजर घेतला. वाटलं, आता आइस्क्रीम, थंड पेयं, धंदा वाढणार!

पुढचा मे महिना येईपर्यंत गल्ल्यात खडखडाट. होलसेलवाल्याची उधारी वाढलेली. आणि बचत गटाचे १८,४०० रुपये द्यायचे राहिलेले. "पुढच्या आठवड्यात देते ताई," असं म्हणत मी दोन महिने काढले. मग जुलै आला, पर्यटक आले, आणि मी सकाळी पावणेसातला शटर उघडून रात्री नऊ-साडेनऊपर्यंत काउंटरवर. जेवण उभ्याउभ्या. त्या गडबडीत पापडांची पोती हवाबंद डब्यात काढायची राहून गेली. कोयनेच्या पावसात जे व्हायचं तेच झालं. सगळे पापड सादळले, काहींना बुरशी आली. त्या बायकांच्या आठ-दहा दिवसांच्या कष्टाचा माल मी फेकून दिला.

एक दिवस त्यांच्यातल्या एक मावशी दुकानात आल्या. भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाय, तुला जमत नसंल तर सांग. आम्ही पाटणच्या बाजारात बसू. पण आम्हाला आशेवर ठेवू नगं."

त्याच आठवड्यात काउंटरवर मला गरगरलं आणि मी खाली बसले. बीपी तपासलं तर १६० वर १००. वय तेव्हा ३२. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं बीपी कधी तपासलं होतं?" मला आठवेना. बाळंतपणात तपासलं असेल तेवढंच.

घरी दोन दिवस पडून राहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी दिवसाला चौदा-पंधरा तास काम करत होते. पण ज्या कामासाठी दुकान काढलं, तेच काम होत नव्हतं. पैसे चुकले होते, माल वाया गेला होता आणि तब्येतही गेली होती. कमी कष्ट केल्यामुळे हे झालं नव्हतं. हिशोब चुकला होता.

आपल्या दारात जे धरण आहे, ते कसं चालतं?

आम्ही कोयनानगरची माणसं. धरणाच्या बातम्या वाचतच मोठे झालो. पण त्या दोन दिवसांत पेपर वाचताना ती बातमी मला पहिल्यांदा धंद्याच्या नजरेने दिसली.

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. पाऊस पडतो मुख्यतः जून ते सप्टेंबर, म्हणजे चारच महिने. पण वीज लागते बारा महिने आणि खाली शेतीला पाणी लागतं उन्हाळ्यात. मग चार महिन्यांची कमाई बारा महिने पुरवायची कशी? धरणाचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. पश्चिमेकडे, म्हणजे पोफळीच्या बाजूला वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वापरायचं, असा कृष्णा पाणीतंटा लवादाने कोटा ठरवून दिलेला आहे. किती वापरलं, किती शिल्लक, वर्षाचे किती दिवस बाकी, याचा हिशोब सतत चालू असतो.

आणखी दोन गोष्टी बघा. धरणात तळाशी साधारण ५ टीएमसी पाणी मृतसाठा म्हणून धरतात. ते पाणी असतं, पण वापरायच्या हिशोबात धरत नाहीत. आणि ऐन पावसाळ्यात धरण भरत असतानाच दरवाजे उचलून पाणी सोडतात. नवीन माणसाला वाटतं, भरू द्यायचं सोडून हे पाणी का सोडतायत? कारण येणाऱ्या पाण्याला जागा ठेवावी लागते. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या कराड-सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे चार गोष्टी झाल्या: रोजचा विसर्ग, वर्षाचा कोटा, हात न लावायचा मृतसाठा आणि अचानक येणाऱ्या पाण्यासाठी मोकळी जागा. आपल्या धंद्यात याच चार गोष्टी लागतात. आता एकेक घेऊ.

पायरी १: हेतू एका ओळीत लिहा

पाणी कशासाठी साठवलंय हे ठरलेलं असेल तरच कोटा ठरतो. तुमच्या धंद्याचा हेतू एका ओळीत लिहा. "समाजसेवा करायची" किंवा "दर्जेदार सेवा द्यायची" असं लिहू नका, त्याने काही ठरत नाही. माझी ओळ अशी आहे: "गटांचा माल खराब होऊ न देता विकायचा आणि प्रत्येक महिन्याच्या १० तारखेला त्यांचे पैसे द्यायचे."

ओळ चांगली आहे की नाही, याची एक परीक्षा आहे. ती ओळ तुम्हाला एखाद्या गोष्टीला "नाही" म्हणायला मदत करते का? माझी ओळ तेव्हा लिहिलेली असती, तर फ्रीजर घेताना मी स्वतःला विचारलं असतं की १० तारखेचे पैसे बाजूला आहेत का? उत्तर "नाही" आलं असतं आणि फ्रीजर थांबला असता. मी तेव्हा हेतू मनात ठेवला होता, वहीत नव्हता. मनातला हेतू गर्दीत विसरतो.

पायरी २: रोजचं काम मोजा, मग वाटा

आजारातून उठल्यावर मी एक आठवडा एक साधी गोष्ट केली. काउंटरवर वही ठेवली आणि दर तासाला एक ओळ लिहिली: या तासात काय केलं? एका आठवड्यात ९६ तास भरले. त्याची वाटणी अशी निघाली:

- काउंटर आणि बिलिंग: ५२ तास
- माल लावणं, मोजणं, पुड्या बांधणं: १९ तास
- फोन आणि व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी: ११ तास
- होलसेल आणि बँकेच्या फेऱ्या: ८ तास
- हिशोब: ५ तास
- गटांचं काम आणि पुढचं प्लॅनिंग: १ तास

९६ तासांत फक्त एक तास! ज्या हेतूबद्दल मी व्हिडिओत छाती पुढे काढून बोलत होते, त्याला आठवड्यातून एकच तास मिळत होता. हा आकडा वाचून मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते कळलं.

मग प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण केली.

"मीच" म्हणजे माझ्याशिवाय कुणालाच जमणार नाही असं काम. भाव ठरवणं, उधारी कुणाला द्यायची हे ठरवणं, गटांशी बोलणं.

"शिकवलं तर दुसरं कुणी" म्हणजे बिलिंग, पुड्या, माल लावणं.

"बंद किंवा एकत्र" म्हणजे होलसेलला आठवड्यातून तीन फेऱ्या मारत होते, त्याची एक केली. व्हॉट्सॲप दिवसभर बघायची, ते सकाळी ११ आणि संध्याकाळी ५ असं दोनदाच केलं. "ऑर्डर ११ च्या आत टाका, संध्याकाळी तयार" असं सगळ्यांना सांगून टाकलं. पंधरा दिवसांत गिऱ्हाइकांना सवय झाली.

आता तुम्ही म्हणाल, मदतनीस ठेवायला पगार कुठून आणू? बरोबर प्रश्न आहे. भावनेने नाही, आकड्याने उत्तर देऊ. समजा अर्धवेळ मदतनीसाला महिना ६,००० द्यायचे. किराण्यात माझं सरासरी मार्जिन १२ टक्के. म्हणजे तो पगार काढायला ५०,००० रुपयांची जास्तीची विक्री हवी. अवघड आहे. पण गटांच्या मालावर मला २५ टक्के सुटतात. तिथे २४,००० ची जास्तीची विक्री पुरते. मग मी ठरवलं की मदतनीसामुळे जो वेळ सुटेल तो फक्त जास्त मार्जिनच्या आणि हेतूच्या कामावर घालायचा. आसपासच्या तीन होम-स्टेवाल्यांना भेटले, पाहुण्यांना द्यायला लोणचं-कोकम-पापडाची पाकिटं ठरवली. पहिले दोन महिने पगार माझ्या खिशातून गेला. तिसऱ्या महिन्यापासून तो निघायला लागला.

एक इशारा. मदतनीस ठेवला आणि तोंडी सांगून मोकळे झालात, तर काम दुप्पट होतं. माझ्याकडे पहिल्या महिन्यात उधारीच्या वहीत एकाच नावाच्या दोन माणसांची खाती एकमेकांत मिसळली. त्या ताईंची चूक नव्हती. कसं लिहायचं हे मी सांगितलंच नव्हतं. मग एका पुठ्ठ्यावर दहा ओळी लिहून काउंटरच्या मागे लावल्या: दुकान उघडताना काय, उधारी लिहिताना नावासोबत वाडी आणि फोनचे शेवटचे चार आकडे, पाऊस असेल तर पापडाचा डबा तपासणं, गल्ला मोजणं. लीडर म्हणजे फार मोठं काही नाही. आपण नसताना काम आपल्या पद्धतीने होईल एवढी सोय करणारा माणूस. हाताखाली एकच माणूस असला तरी तुम्ही लीडरच आहात.

पायरी ३: वर्षाचा कोटा ठरवा

आता फ्रीजरच्या चुकीचा हिशोब बघू. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत.

दुकानाचा महिन्याचा ठरलेला खर्च ३२,०००. यात भाडं, लाइट बिल, हप्ता आणि मालकाचा पगार धरलाय. मालकाचा पगार धराच, नाहीतर गल्ल्यातून कधीही हात घालायची सवय लागते.

सीझन सोडून बाकीच्या नऊ महिन्यांत महिन्याला मार्जिन मिळतं २४,०००.

म्हणजे दर महिन्याला ८,००० कमी पडतात. नऊ महिन्यांचे झाले ७२,०००.

सीझनच्या तीन महिन्यांत, त्या महिन्यांचा खर्च जाऊन उरले ९०,०००.

मग माझे खरे किती? ९०,००० वजा ७२,०००, म्हणजे फक्त १८,०००.

मला ९० हजार दिसले आणि मी ६५ हजार उडवले. उरले २५ हजार, पण गरज होती ७२ हजारांची. ४७ हजारांचं भगदाड पडलं. ते मी होलसेलच्या उधारीतून आणि गटाच्या पैशातून बुजवलं. सरळ शब्दांत सांगायचं तर माझा फ्रीजर त्या मावशींनी बिनव्याजी फायनान्स केला होता, त्यांना न विचारता.

ऑगस्टमध्ये धरण भरलेलं दिसतं म्हणून ऑगस्टमध्येच सगळं पाणी कुणी वापरत नाही. ते पाणी पुढच्या मेपर्यंतचं असतं. आता सप्टेंबर संपला की मी ७२ हजार दुसऱ्या खात्यात टाकते आणि तिथून दर महिन्याला ८ हजार दुकानाच्या खात्यात घेते. त्या खात्याचं यूपीआय मोबाइलवर नाहीच. पैसे काढायचे तर बँकेत जावं लागतं. मुद्दामच!

प्लॅनिंगला वेळ कधी? माझा बुधवारी दुपारी २ ते ३. शटर अर्धं खाली, मोबाइल सायलेंट. या तासात तीनच प्रश्न:

१. पुढच्या ६ आठवड्यांत काय येतंय? (जूनमध्ये शाळा, जुलै-ऑगस्टमध्ये पर्यटक, मग गणपती, दिवाळी. छत्र्या, रेनकोट, हवाबंद डबे यांची ऑर्डर मे महिन्यातच गेली पाहिजे.)

२. कोणती तारीख चुकली तर दंड बसेल? (जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ भरायचा असतो. म्हणजे जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल. यातला जुलै नेमका आपल्या गर्दीत येतो, म्हणून कागदपत्रं जूनअखेरच तयार ठेवा.)

३. हेतूच्या कामात या आठवड्यात एक पाऊल कोणतं?

लांबचा विचार आणि रोजची कमाई एकत्र कशी चालते, याचं आपल्या भागातलं मोठं उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांनी सुरुवात केली बेळगावात सायकलच्या दुकानापासून. पुढे कडबा कापायची यंत्रं केली आणि मग लोखंडी नांगर. शेतकऱ्यांना शंका होती की लोखंडाने जमीन बिघडेल. पहिले नांगर विकले जायला जवळपास दोन वर्षं लागली. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. विचार करा, दोन वर्षं जो माल खपत नाही त्यावर टिकून राहायचं, तर दुसरीकडून चूल पेटती ठेवावीच लागते. नुसतं स्वप्न धरलं तर उपाशी मरू आणि नुसता गल्ला धरला तर नांगर कधी बनणारच नाही. तुमचा "नांगर" कोणता आणि तो खपेपर्यंत घर चालवणारी "सायकल" कोणती, हे दोन्ही वहीत लिहा.

पायरी ४: तब्येत म्हणजे मृतसाठा. हात लावायचा नाही

उजनी धरणाची बातमी उन्हाळ्यात वाचली असेल. "पाणीसाठा उणे इतके टक्के." म्हणजे वापरायचं पाणी संपलं आणि आता तळातलं ओढतायत. त्या जुलैत मी उण्यात गेले होते. काम चालू होतं, पण तळातलं ओढून.

माझा मृतसाठा मी असा ठरवलाय. तुमचा वेगळा असेल, पण लिहून ठेवा:

- सात तास झोप. यात तडजोड नाही.
- दुपारचं जेवण बसून, ताटात.
- आठवड्यातून अर्धा दिवस दुकानाचा विषय बंद. लेकाबरोबर नेहरू उद्यानात जाते नाहीतर घरी लोळते.
- महिन्यातून एकदा बीपी. १४० वर ९० किंवा जास्त आलं तर "थकवा असेल" म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. गोळी चालू असेल तर मनाने बंद करायची नाही.

बायकांसाठी एक वेगळी ओळ. आपल्याला दुकानाची शिफ्ट आणि घराची शिफ्ट अशा दोन असतात. मी कित्येक दिवस घरात काही बोललेच नाही, मनातच चिडायचे. एक दिवस सासूबाईंना आणि मिस्टरांना ती ९६ तासांची वही दाखवली. आई म्हणाल्या, "अगं, मग संध्याकाळचा स्वयंपाक मी बघते, तू सकाळचा बघ." आणि मिस्टरांनी रविवारची सकाळ दुकानात घेतली. तक्रार केली असती तर वाद झाला असता. आकडे दाखवले, तर वाटणी झाली.

आता तुमच्या मनातला प्रश्न. दुपारी दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक जाईल ना? मीही घाबरत होते. म्हणून चार आठवडे दुपारी २ ते ४ ची विक्री वेगळी लिहिली. सीझन नसताना सरासरी ३८० रुपये. १२ टक्क्यांनी मार्जिन किती? साधारण ४५ रुपये. ४५ रुपयांसाठी मी रोज दोन तासांची विश्रांती विकत होते!

चितळ्यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण लोक ते फक्त विनोदासाठी सांगतात. या घराण्याच्या धंद्याची सुरुवात आपल्या सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीची, १९३९ ची. पुण्यातलं चितळे बंधूंचं मिठाईचं दुकान १९५० चं. दुपारी १ ते ४ बंद म्हणजे बंद. कितीतरी वर्षं लोक त्यावर हसले आणि चारनंतर बाकरवडीसाठी रांगेतही उभे राहिले. दूध-मिठाईचं काम पहाटे सुरू होतं, तिथल्या माणसांना दुपारी विसावा हवाच. पुढे २०१७ साली त्यांनी दुपारीही दुकान सुरू ठेवायचं ठरवलं. माझ्या मते या दोन्ही गोष्टींत आपल्यासाठी धडा आहे. माल चांगला असेल आणि वेळ ठरलेली असेल, तर गिऱ्हाईक ती वेळ पाळतं. आणि दिवस बदलले, हाताशी माणसं असली, तर नियम बदलायलाही हरकत नसते. नियम आपल्यासाठी असतो.

तब्येतीतच आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे विमा. बँकेतल्या खात्यावरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देते, वय १८ ते ७०. जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत २ लाखांचा, वय १८ ते ५०. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. अगदी आपल्या धरणासारखं! मेअखेर खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण थांबतं. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या मदतनीसाचाही काढून द्या. ४५६ रुपयांत होतं.

पायरी ५: मोकळी जागा

आठवड्याचे सगळे तास भरून टाकू नका. माझे आठवड्याला चार तास रिकामे असतात. मुलाला ताप येतो, घाटात दरड पडून गाडी अडकते, लाइट जाते, कुणाचं तरी लग्न निघतं. पावसाळ्यात तर हे ठरलेलंच. चार तास वापरले गेले नाहीत तर चांगलंच आहे, हेतूच्या कामाला देते.

समतोल म्हणजे समान वाटणी नाही

इथे बरेच जण चुकतात. रोजच्या दिवसाचे तीन सारखे भाग करायला जातात आणि चौथ्या दिवशी सोडून देतात. धरणाचा कोटाही ३६५ ने भागून रोज सारखा वापरत नाहीत. विजेची मागणी वाढली की जास्त, कमी झाली की कमी. पण वर्षाचा हिशोब जुळवतात.

माझंही तसंच. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दुकान बंद नसतं. मदतनीस ताई आणि मी आळीपाळीने बसतो. प्लॅनिंगचा तास अर्ध्या तासावर येतो. मृतसाठा मात्र तसाच राहतो, झोप आणि बसून जेवण. मग जानेवारी ते मार्च दुकान थंड असतं, तेव्हा मी प्लॅनिंगला आठवड्याला चार-पाच तास देते आणि चार दिवस माहेरी जाऊन येते. समतोल वर्षाचा बघा.

आणि तडा गेला तर? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत भूकंप झाला. इथल्या प्रत्येक घरात त्या पहाटेची आठवण आहे. किती माणसं गेली, घरं पडली. धरणालाही तडे गेले. पुढे दुरुस्ती झाली, धरणाला पाठीमागून भक्कम आधार देऊन मजबूत केलं गेलं आणि ते आजही उभं आहे. तडे दिसल्यावर ते लपवले नाहीत, मोजले आणि आधार दिला. बीपीचा आकडा, थकलेलं देणं, चिडचिड, हे आपले तडे. ते लवकर मोजलेले बरे.

आज काय परिस्थिती आहे?

खरं सांगते, सगळं छान झालं असं नाही. १८,४०० मी ऑगस्टअखेर चुकते केले आणि वाया गेलेल्या पापडांचे पैसेही दोन हप्त्यांत दिले, कारण तो माल माझ्या ताब्यात असताना खराब झाला होता. त्यानंतर १० तारीख एकदाही चुकलेली नाही. पण त्या मावशी परत आल्या नाहीत. त्या पाटणच्या बाजारातच बसतात. भेटल्या की विचारपूस करतात, चहा पाजतात, पण माल देत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. विश्वासाला मृतसाठा नसतो, एकदा आटला की आटला.

बीपी आता ताब्यात आहे, गोळी चालू आहे. आठवड्याचे तास ९६ वरून ६८ वर आलेत. गेल्या फेब्रुवारीत मी दोन दिवस गावाला गेले, दुकान चालू राहिलं आणि गल्ल्यात फक्त ३० रुपयांचा फरक निघाला. मी तर पेढे वाटले!

या आठवड्याचा गृहपाठ

१. हेतूची एक ओळ लिहा आणि गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा.
२. सात दिवस दर तासाला एक ओळ लिहा. सातव्या दिवशी बेरीज करा आणि हेतूला किती तास मिळाले त्यावर गोल करा.
३. मंद महिन्यांत किती कमी पडतात ते काढा, महिन्यांनी गुणा आणि तेवढी रक्कम सीझनच्या पैशातून वेगळी काढायची तारीख ठरवा.
४. आठवड्यातला प्लॅनिंगचा एक तास ठरवा. वार आणि वेळ दोन्ही.
५. मृतसाठ्याच्या तीन गोष्टी लिहा आणि घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा.
६. बीपी तपासून घ्या. हा गृहपाठ सगळ्यात आधी करा.

धंदा अजून सुरू केला नसेल तर जास्तच चांगलं. हा हिशोब तुम्हाला पहिल्या दिवसापासून लावता येईल. मला तो तिसऱ्या वर्षी, दोन दिवस अंथरुणात पडून लावावा लागला.

पुढच्या व्हिडिओत उधारीची वही घेऊ: कुणाला द्यायची, किती द्यायची आणि संबंध न बिघडवता वसूल कशी करायची. तोपर्यंत वेळेवर जेवा, वेळेवर झोपा आणि ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांचे वेळेवर द्या.

भेटूया!